अयोग्य लिहून द्या

आमच्या टाउनशिपमध्ये एक वाक्य असं होतं की ते ऐकून बाहेरच्या माणसाला वाटावं, इथल्या पोरांची डोकी फिरली आहेत. 'साहेब, मला अयोग्य लिहून द्या.' नोकरी शोधायला निघालेला धडधाकट मुलगा एखाद्या वर्कशॉपच्या मालकापुढे हात जोडून उभा राहायचा आणि मला नोकरी देऊ नका म्हणून गयावया करायचा. मीही केली आहे. खोटं कशाला सांगू?

भोपाळच्या त्या मोठ्या सरकारी कारखान्याभोवती आमची टाउनशिप वसलेली होती. क्वार्टर कारखान्याचं, दवाखाना कारखान्याचा, शाळा कारखान्याची, आणि सकाळी उठायचं तेही कारखान्याच्या भोंग्यावर. तिथे माणसं दोनच प्रकारची: कारखान्यात असलेली आणि कारखान्यात लागणार असलेली. लागायचं असेल तर शहरातल्या रोजगार कार्यालयात नाव लिहावं लागे. नाव लिहिलं की एक कार्ड मिळे आणि त्यावर तारीख पडे. ज्याची तारीख जुनी, त्याचा नंबर आधी. कारखान्यानं माणसं मागितली की कार्यालय त्या रांगेतली पुढची नावं पाठवून देई.

पण त्याच कार्यालयाकडे गोविंदपुऱ्यातले लहान-लहान वर्कशॉपवालेही माणसं मागत. मग घरी चिठ्ठी येई की अमुक पत्त्यावर मुलाखतीला जा. खरी गोम इथेच होती. गेलं नाही तर रांगेतून नाव कटे. गेलं आणि मालकानं ठेवून घेतलं तरी नाव कटे, कारण मग तुम्ही नोकरीला लागलात, तुम्हाला रांग कशाला हवी? नाव वाचवायची एकच वाट होती. मालकानं चिठ्ठीवर 'अयोग्य' असं लिहून सही करायची. ती चिठ्ठी कार्यालयात परत दिली की तुम्ही पुन्हा आपल्या जागी, कारखान्याच्या दाराकडे तोंड करून उभे. मालकही बिचारे सवयीचे झाले होते. एकानं तर कंटाळून 'अयोग्य' असा रबरी शिक्काच बनवून घेतला होता.

मी आयटीआयमधून वाइंडिंगचा कोर्स केला होता. जळलेल्या मोटारीतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार भरून ती पुन्हा चालती करायची, ते वाइंडिंग. आमच्या तुकडीत मुली दोनच. दुसरीचं लग्न झालं आणि ती ग्वाल्हेरला गेली. मी नाव लिहून बसले. बसले म्हणजे सात वर्षं बसले. कॉलनीतल्या बायकांचे जळके पंखे आणि मिक्सर तेवढे घरी भरत असे, हात गंजू नये म्हणून. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि अठ्ठावीसनंतर कारखाना कुणाला घेत नसे.

बाबा कारखान्यात तपासणी विभागात होते. बाहेरून आलेला माल बघायचा, पास किंवा नापास करायचा, हे त्यांचं काम. घरीही त्यांची ड्यूटी संपत नसे. आईच्या वरणापासून माझ्या प्रगतिपुस्तकापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून जाई आणि बहुतेक नापास होई. उज्जैनहून ते पंचविशीत इथे आले होते, कारखाना नवा होता तेव्हा, आणि कारखाना सोडून जगात दुसरीकडे कुठे लोक पगारावर काम करतात हे त्यांना ठाऊक होतं, पण पटत नव्हतं.

मला चिठ्ठी आली तेव्हा त्यांनी मला समोर बसवून पाठ करून घेतलं.

"जायचं. नमस्कार करायचा. अयोग्य लिहून घ्यायचं आणि सरळ घरी यायचं. मधे काही बोलायचं नाही, बेटा. तुझ्या तोंडाचा मला भरवसा नाही."

भरवसा नव्हता यात त्यांचं काही चुकत नव्हतं. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, आजही.

चिठ्ठीवरचं वर्कशॉप ज्या माणसाचं होतं त्याच्याविषयी टाउनशिपमध्ये दबक्या आवाजात बोलत. हा पूर्वी आमच्याच कारखान्यात इंजिनियर होता आणि त्यानं पक्की नोकरी सोडली होती. काढला नव्हता, सोडली होती! क्वार्टर, दवाखाना, पेन्शन, सगळ्यावर पाणी सोडून तो पत्र्याच्या शेडमध्ये दुसऱ्यांच्या जळक्या मोटारी दुरुस्त करत होता. आया मुलांना त्याचं उदाहरण देत, अर्थात असं करू नये म्हणून.

मी सायकल भिंतीला लावली आणि आत गेले. शेडमध्ये वार्निशचा वास कोंदला होता. चष्मा कपाळावर चढवून मालक एका मोटारीत डोकं घालून बसले होते. शेजारी स्टुलावर एक म्हातारे मिस्त्री, त्यांना सगळे मिस्त्रीचाचा म्हणत. मी नमस्कार केला, चिठ्ठी पुढे केली आणि पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं.

मालकांनी चिठ्ठी वाचली. "काम नहीं आता?"

"आता है."

"फिर अयोग्य कैसे लिखूँ? झूठ पर मैं सही नहीं करता."

यापुढचं बाबांनी शिकवलं नव्हतं. मालकांनी एका मोटारीकडे बोट दाखवलं. करोंद मंडीतल्या धान्य चाळायच्या यंत्राची ती मोटार होती, अर्धी भरून झालेली. म्हणाले, यातली एक गुंडी, म्हणजे तारेचं एक वेटोळं, भरून दाखव. बिघडली तर अयोग्य लिहितो, नाही बिघडली तर योग्य. निर्णय तुझ्या हातात. मग हसून म्हणाले, "तुमसे पहले चार लड़के आए थे. चारों ने जान-बूझकर तार छील दी. चारों को अयोग्य लिख दिया. वह झूठ थोड़े ही था!"

म्हणजे वाट मोकळी होती. वाइंडिंगची तार पातळशा लाखेनं मढवलेली असते. ती लाख नखानं जरा खरवडली की तार तारेला चिकटते आणि मोटार जळते. पाच मिनिटांचं काम. मी स्टुलावर बसले, तार हातात घेतली, आणि नख लावणार एवढ्यात मिस्त्रीचाचांनी तोंड उघडलं.

"अरे लिख दो न बाबूजी, काहे बेचारी को बैठाते हो. लड़कियों से मोटर नहीं बँधती. ये स्वेटर बुनने वाले हाथ हैं."

झालं! मी आले होते अयोग्य म्हणवून घ्यायला आणि कुणी तसं म्हटल्याबरोबर मलाच मिरची झोंबली. मी चाचांना म्हटलं, स्वेटरमध्ये टाका सुटला तर थंडी वाजते, मोटारीत सुटला तर आग लागते, मला ठाऊक आहे. आता बघा.

मी खाचेत कागद बसवला. तो घडी न पडता बसला पाहिजे, नाहीतर सगळंच वाया. मग लाकडी फर्म्यावर तारेचे वेढे घेतले, मनात मोजत. मग बांबूच्या पट्टीनं एकेक तार खाचेत सरकवायची, दाबायची, पण तिच्यावर जोर करायचा नाही. हा शेवटचा भाग कुणी शिकवून येत नाही. माझे हात सात वर्षं कॉलनीच्या पंख्यांवर जगले होते, त्यांना खरी मोटार मिळाली आणि ते माझं ऐकेनात. एक गुंडी सांगितली होती, मी सहा भरल्या. उरलेली सगळी मोटार भरून, फीत बांधून, टोकं काढून ठेवली तेव्हा जेवणाची सुट्टी होऊन गेली होती आणि कुणीच मला थांबवलं नव्हतं.

मिस्त्रीचाचांनी चष्मा लावून मोटार फिरवून फिरवून बघितली. मग ती मालकांपुढे सरकवली. मालकांनी तारा जोडल्या आणि बटण दाबलं. मोटार फिरली. आवाज असा एकसारखा की मला वाटलं, मांडीवर घेऊन बसावं.

मालकांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'योग्य'. खाली सही केली आणि वर म्हणाले, सोमवारपासून ये. कारखाना लवकरच आपल्या जुन्या पंपांच्या मोटारी बाहेर भरायला देणार आहे. नमुन्याच्या मोटारी पास झाल्या तर तू इथे पक्की. नाही झाल्या तर माझ्याकडेच तुला द्यायला काम नसेल, हे आधीच सांगतो.

मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि गाणं गुणगुणत निघाले. अर्ध्या रस्त्यात सायकलवरून उतरले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की मी काय करून बसले होते.

बाबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. उलटून मागची बाजूही बघितली.

"तुला एकच सांगितलं होतं," ते म्हणाले. "काम वाईट करून ये. एवढंही जमलं नाही तुला?"

आईला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून म्हणाली, "आता पोरीला वाईट काम येतच नाही, तर तिनं काय करावं?"

बाबा तिच्यावर उखडले. म्हणाले, हसा, हसा. त्या पत्र्याच्या शेडला उद्या कुलूप लागलं की कळेल. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. सात वर्षांची रांग हिनं सहा गुंड्यांवर उधळली. मी तोंड उघडणार होते, पण त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली, आणि माझ्या लक्षात आलं. ते रागावले नव्हते, घाबरले होते. दोन वर्षांनी ते रिटायर होणार होते. कारखान्यात मी लागले असते तर क्वार्टर माझ्या नावावर झालं असतं आणि ज्या घरात मी रांगत होते त्याच घरात सगळे राहिलो असतो. कोलार रोडला त्यांनी एक प्लॉट बघून ठेवला होता, पण तो त्यांना कधी आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी ते अर्धी रजा टाकून मला रोजगार कार्यालयात घेऊन गेले. आमच्या खिडकीवर नागपूरच्या एक काकू होत्या. त्यांचे वडील सरकारी दफ्तराबरोबर इकडे आले होते, आणि दरवर्षी टाउनशिपच्या गणपतीत नाटकाचा पडदा ओढायला त्याच असत, त्यामुळे घरोब्याच्या. बाबांनी चिठ्ठी सरकवली आणि आवाज खाली आणून विचारलं, हे जरा दुरुस्त करता येईल का?

"काय दुरुस्त करू, भाऊजी?" काकू खाली आणलेला आवाज मानणाऱ्या नव्हत्या. "योग्य आहे त्याचं अयोग्य करू? काय बोलून राहिले तुम्ही?"

"सात वर्षांचा नंबर जातो हो मुलीचा."

काकूंनी पंखा बंद केला, कागद उडत होते म्हणून, आणि मागच्या कपाटातून एक लांबडा ड्रॉवर उपसून आणला. वाइंडिंगवाल्यांची सगळी कार्डं त्यात होती. त्यांनी वरची चिठ्ठी काढून बाबांपुढे धरली.

"तुमच्या कारखान्यानं वाइंडर शेवटचे कधी मागितले, ते वाचा बरं."

बाबांनी वाचलं. मीही वाकून वाचलं. मी नाव लिहिलं होतं त्याच्याही आधीची तारीख होती. सात वर्षं मी ज्या दारापुढे उभी होते ते माझ्या येण्याआधीच बंद झालं होतं.

"आत तुम्ही बसता, भाऊजी," काकू म्हणाल्या, "अन् दार बंद आहे हे मी सांगायचं काय तुम्हाला? वर्षभर मी या गोविंदपुऱ्यात पोरं पाठवून राहिली. सगळी अयोग्य होऊन परत! मला तर वाटायला लागलं होतं, मीच अयोग्य आहे या खुर्चीला."

"उघडेल," बाबा म्हणाले. "मोठं काम आहे, वेळ लागतो."

काकूंनी त्यांच्याकडे बघणंच सोडलं आणि मला विचारलं, "तू सांग गं. तुला जायचं आहे का नाही?"

बाबा माझ्याकडे बघत होते. मला चाचांचं स्टूल आठवलं, ती मोटार आठवली. मी म्हटलं, "जायचं आहे."

काकूंनी माझं कार्ड ड्रॉवरमधून काढलं, त्यावर शिक्का मारला आणि नोकरी लागलेल्यांच्या गठ्ठ्यात टाकलं. तो आवाज ऐकून मात्र मी मनात हिशोब करू लागले. आता मोटारी नापास झाल्या तर नवं कार्ड, नवी तारीख, आणि रांगेच्या शेपटीला उभं राहता राहता अठ्ठावीस उलटून जाणार. परतीचा पूल मीच तोडला होता.

मी सोमवारी कामाला लागले. पहिला महिना मिस्त्रीचाचा आणि मी रोज भांडलो. ते म्हणत, मी फीत फार ओढून बांधते. मी म्हणे, तुम्ही सैल सोडता. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. त्यांच्याकडून मी तार न मोजता बोटांनी जाडी ओळखायला शिकले. माझ्याकडून ते काही शिकले असतील तर त्यांनी कधी कबूल केलं नाही. पण दुसऱ्या महिन्यापासून त्यांच्या डब्यातलं लोणचं अर्धं माझ्या झाकणात पडू लागलं.

टाउनशिपनं मात्र मला नोकरीला लागलेली मानलं नव्हतं. बिट्टन मार्केटच्या हाटात आईला शेजारच्या बाई भेटल्या.

"लागली का हो मुलगी?"

"लागली."

"अगंबाई! कारखान्यात?"

"नाही, वर्कशॉपमध्ये."

"असं होय. मग लागेल हो, लागेल, काळजी करू नका."

आईनं घरी येऊन हे जसंच्या तसं करून दाखवलं. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, पण वर्कशॉपचं नावही काढलं नाही. तीन महिने त्यांनी मला माझ्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. तपासणीवाल्या माणसानं एखाद्या गोष्टीकडे बघायचंच नाही असं ठरवलं तर ते नापास करण्याहून वाईट असतं. मला फार लागलं ते.

मग कारखान्याच्या नमुन्याच्या मोटारी आल्या. तीन. तार केसाएवढी बारीक. मिस्त्रीचाचांनी ती डोळ्यांजवळ धरली, लांब धरली आणि माझ्यापुढे ठेवली. "मुझे नहीं दिखती, बिटिया. तू ही बाँध." तिन्ही मोटारी मी एकटीनं भरल्या. दुसरी भरून संपत आली असताना मला शंका आली की एका खाचेतला कागद काठावर फाटला आहे. बाहेरून दिसत नव्हता. कुणी बघितलंही नव्हतं. मालक म्हणाले, चालेल. मी म्हटलं, तुम्हाला चालेल, मला रात्री झोप लागणार नाही, आणि सगळी तार काढून पुन्हा पहिल्यापासून भरली. मालक आपल्या कामाकडे वळले. चाचा मात्र खुशीत मान हलवत होते.

मोटारी घेऊन जायच्या दिवशी मालक म्हणाले, चल, काम तुझं आहे, विचारलं तर उत्तरं तूच दे. टेम्पोत मोटारी ठेवल्या आणि आम्ही त्या गेटवर गेलो. ज्या गेटातून बाबांना रोज सायकलवर आत जाताना मी जन्मभर बघितलं होतं, त्याच्या आत मी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पाऊल टाकलं. चौकीदारानं माझ्या नावाचा पास बनवला. तपासणी विभागात टेबलं पाच होती. मी मनात देवाला म्हणत होते की बाकीच्या चारांपैकी कुठलंही दे. आम्हाला तिसऱ्या टेबलाकडे पाठवलं. तिथे बाबा बसले होते.

त्यांनी आधी कागद बघितला, वर्कशॉपचं नाव वाचलं, मग मोटारींकडे बघितलं, आणि शेवटी माझ्याकडे. मी नमस्कार केला, बाहेरच्या माणसाला करतात तसा. त्यांनी पेनाला टोपण लावलं, उठले आणि काचेच्या केबिनमध्ये मोठ्या साहेबांकडे गेले. काचेआडून त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मला वाटलं, संपलं. हा माल नको म्हणून सांगत असणार. त्या क्षणी मला बाबांचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून आणखी संताप आला.

मोठे साहेब बाहेर आले. त्यांच्याबरोबर दुसऱ्या टेबलावरचे एक तपासणीस, ज्यांच्या हातून कधी काही सहज सुटत नाही अशी ख्याती होती. बाबा सगळ्यांच्या मधे उभे राहिले आणि अख्ख्या विभागाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "साहब, यह काम मेरी बेटी का है. इस पर मेरी सही नहीं चलेगी. इनसे जँचवाइए. और सख़्ती से जँचवाइए, रियायत नहीं."

आजूबाजूचे लोक हातातली कामं टाकून जमा झाले. मी बाबांकडे बघतच राहिले. 'मेरी बेटी' म्हणताना त्यांची छाती अशी पुढे आली होती की मी ती त्याआधी कधी तशी बघितली नव्हती.

आणि सख्ती झाली. पहिली मोटार फिरवली, तापवली, पुन्हा फिरवली. तारेतून वीज मोटारीच्या अंगात झिरपते का ते यंत्र लावून बघितलं. काटा जिथे जायला हवा तिथे जाऊन थांबला. दुसरीही तशीच. तिसरी चालवून बंद केल्यावर त्या तपासणीसांनी कात्री काढली. म्हणाले, बाहेरून सगळेच छान करतात, मला आत बघायचं आहे. त्यांनी माझी फीत कापली, गुंड्या बाजूला करून खाचेत टॉर्च मारला. बराच वेळ ते वाकून बघत होते. बाबा दोन पावलांवर उभे होते, हात मागे बांधून, एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलेलं.

शेवटी ते तपासणीस ताठ झाले. "अंदर तो बाहर से भी अच्छा है," असं म्हणून त्यांनी टॉर्च खिशात टाकला. मग कापलेल्या फितीकडे बघून जरा ओशाळले. "अब इसे बाँधेगा कौन?"

"मी," म्हटलं आणि पुढे झाले. बाबांनी आपल्या टेबलाच्या खणातून फितीचं रीळ काढलं आणि माझ्यापुढे धरलं. पंधरा-वीस पुरुष गोल करून उभे, आणि मी मधे बसून गाठी मारत होते. हात जराही कापले नाहीत. मला तर उलट वाटत होतं, आणखी माणसं बोलवा, बघू देत.

तिन्ही कागदांवर 'पास' लिहिलं गेलं. मोठ्या साहेबांनी मालकांना सांगितलं, उरलेल्या बारा मोटारी सोमवारी पाठवतो. मालकांनी माझ्याकडे बघून फक्त एकदा मान हलवली, पण मला कळलं की मी पक्की झाले. मग मोठे साहेब माझ्याकडे वळले.

"इतना अच्छा हाथ है. हमारे यहाँ के लिए नाम क्यों नहीं लिखवाया?"

माझ्या जिभेवर सात वर्षांचं सगळं एकदम आलं. पण बाबा माझ्या आधी बोलले.

"लिखवाया था, साहब. सात साल. ग़लती मेरी थी."

बाबांच्या तोंडून 'चूक माझी' हे शब्द मी तोवर कधी ऐकले नव्हते. घरात नाही, नातेवाइकांत नाही, आईसमोर तर नाहीच नाही. आणि ते इथे म्हणाले, आपल्या साहेबांसमोर, आपल्या टेबलापाशी. माझा तीन महिन्यांचा राग कुठे गेला मला कळलं नाही. मला उठून त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण ते ड्यूटीवर होते.

मोठे साहेब भले माणूस. त्यांना वाईट वाटलं असावं. म्हणाले, पुढच्या वर्षी वाइंडरची भरती निघण्याची शक्यता आहे, अर्ज कर, मी स्वतः लक्ष घालीन. ज्या वाक्यासाठी टाउनशिपमधली पोरं अयोग्य म्हणवून घेत फिरायची, जे ऐकायला मिळावं म्हणून माझ्या घरी सात वर्षं नवस बोलले जात होते, ते वाक्य साहेबांनी माझ्यासमोर आयतं आणून ठेवलं होतं. मालक जमिनीकडे बघू लागले. बाबा माझ्याकडे बघत होते, आणि या वेळी ते मला काहीही पढवत नव्हते.

"साहब," मी म्हटलं, "मैं यहाँ आ गई तो आपकी बारह मोटरें कौन बाँधेगा?"

आधी ते कात्रीवाले तपासणीस हसले. मग मोठे साहेब. आणि मग बाबा हसले, खो खो करून, सगळ्या विभागासमोर, ड्यूटीच्या वेळात, हातातल्या कागदांनी डोळे पुसत.